डीएक्स म्हणजे नेमका कोणता तुकडा?

या वेळच्या पत्रांत एकच विषय पुन्हा पुन्हा आला: विद्यापीठातल्या पहिल्या वर्षाचं, कॅल्क्युलसच्या (बदलाचे दर आणि बारीक तुकड्यांच्या बेरजा यांच्या गणिताच्या) आधारानं शिकवलं जाणारं फिजिक्स. मी हाच कोर्स वर्षानुवर्षं शिकवला, आधी मेकॅनिक्स आणि मग वीज-चुंबकत्व. त्यामुळे उत्तरं लिहिताना हात जरा सैल सुटला तर संपादकांनी सांभाळून घ्यावं.

प्रश्न : मॅडम, शाळेत गतीची तिन्ही समीकरणं पाठ होती, त्यावरची गणितं मी पटापट सोडवायचे. आता विद्यापीठात पुन्हा तेच सुरू आहे, फक्त मध्ये डीव्ही बाय डीटी घुसलंय. साध्या बीजगणितानं जे होतं ते अवघड करून शिकवण्यात काय हशील आहे?
— प्रथम वर्षाची विद्यार्थिनी

उत्तर : ती तिन्ही समीकरणं एका अटीवर उभी आहेत: त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर (तुझं डीव्ही बाय डीटी तेच), स्थिर असलं पाहिजे. ही अट धड्याच्या पहिल्या ओळीत असते आणि पहिल्या गणितानंतर सगळे ती विसरतात. जगात त्वरण फारच कमी वेळा स्थिर असतं. स्प्रिंगला बांधलेला ठोकळा, ब्रेक लागलेली गाडी, इंधन जाळत हलकं होत जाणारं रॉकेट, यांतलं एकही त्या समीकरणांत बसत नाही.

पावसाचा थेंब घे. एक किलोमीटर उंचीवरून पडतो आहे. तुझ्या पाठ असलेल्या सूत्रात आकडे घाल: जमिनीवर येताना वेग सेकंदाला १४० मीटर, म्हणजे ताशी ५०० किलोमीटरच्या वर. पावसात कोणी बाहेर पडू शकलं नसतं. प्रत्यक्षात दोन मिलिमीटर व्यासाचा थेंब सेकंदाला साधारण साडेसहा मीटरनं खाली येतो. हवेचा विरोध वेगाबरोबर वाढतो, तसं त्वरण कमी होत जातं आणि शेवटी शून्य होतं.

आता डीव्ही बाय डीटी इथे काय करतं ते बघ. थेंबाच्या आकाराच्या वस्तूला होणारा विरोध साधारण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. म्हणून त्वरण बरोबर ९.८ गुणिले (१ वजा वेगाचा वर्ग भागिले ६.५ चा वर्ग). हे समीकरण सोडवायला यायलाच हवं असं नाही. कागद घे आणि वेळेचे ०.१ सेकंदाचे तुकडे पाड. सुरुवातीला वेग शून्य, त्वरण ९.८; तर ०.१ सेकंदानं वेग ०.९८. या वेगाला त्वरण ९.५८ उरतं, पुढच्या ०.१ सेकंदानं वेग १.९४. मग २.८३, मग ३.६२, आणि अर्ध्या सेकंदाला ४.३०. प्रत्येक पावलावर वाढ कमी होतेय, दिसलं? इंटिग्रेशन करून, म्हणजे अतिसूक्ष्म तुकड्यांची बेरीज करून, याचं नेमकं उत्तर ४.१४ येतं. आपलं थोडं जास्त आलं, कारण प्रत्येक तुकड्यात आपण त्वरण तुकड्याच्या सुरुवातीला होतं तेवढंच धरलं. तुकडे दहापट बारीक केले, ०.०१ सेकंदाचे, तर उत्तर ४.१६ च्या आसपास येतं. संगणकाला असे हजारो तुकडे पाडायला सांगता येतात, आणि रॉकेटचा मार्ग खरोखर याच जातीच्या पद्धतींनी काढतात.

तर तुझ्या शिक्षकांनी सोपी गोष्ट अवघड केलेली नाही. स्थिर त्वरणाचं गणित ते मुद्दाम नव्या पद्धतीनं करून दाखवताहेत, कारण उत्तर तुला आधीच माहीत आहे आणि त्यामुळे पद्धत पारखून घेता येते. मला विचारशील तर त्यावर आठवडेच्या आठवडे घालवू नयेत. थेंब पहिल्याच आठवड्यात आणावा.

प्रश्न : गणिताच्या पेपरात इंटिग्रेशनमध्ये मला नेहमी चांगले मार्क पडतात. पण फिजिक्समध्ये विद्युतभारित सळई किंवा कडं आलं, की कुठून सुरुवात करायची तेच कळत नाही. उत्तर पाहिलं की मात्र सगळं समजतं. माझं नेमकं कुठे अडतंय?
— प्रथम वर्ष, दुसरं सत्र

उत्तर : हे पत्र मी फार जपून वाचलं, कारण या कोर्समधली खरी अडचण हीच आहे. गणिताच्या पेपरात इंटिग्रल छापलेला मिळतो, तू तो सोडवतोस. फिजिक्समध्ये इंटिग्रल तुला लिहायचा असतो. ही दोन वेगळी कौशल्यं आहेत. पहिलं उत्तम येणारी मुलं दुसऱ्यापाशी हमखास अडतात आणि स्वतःला उगाच ढ समजतात.

सळई घेऊ. लांबी एल, तिच्यावर क्यू एवढा भार सारखा पसरलेला. सळईच्याच रेषेत, जवळच्या टोकापासून डी अंतरावर एक बिंदू आहे. तिथे विद्युतक्षेत्र, म्हणजे एकक भारावर पडणारं बल, किती? कूलोमचं सूत्र फक्त बिंदुभाराला लागू पडतं, आणि सळई बिंदू नाही. म्हणून तिचे इतके छोटे तुकडे पाडायचे, की प्रत्येक तुकडा बिंदूच मानता येईल. त्यातला एक तुकडा आकृतीत काढ. पेन्सिलनं, ठळक. सळईच्या टोकाशी नको, मधे कुठेतरी काढ, म्हणजे तो कुठलाही असू शकतो हे लक्षात राहतं. त्या तुकड्यावर दोन गोष्टी लिही: त्याची लांबी डीएक्स, आणि आपल्या बिंदूपासून त्याचं अंतर एक्स. त्याच्यावरचा भार किती? एकूण भार भागिले एकूण लांबी, गुणिले डीएक्स. त्याचं क्षेत्र? के (कूलोमच्या सूत्रातला स्थिरांक) गुणिले तो भार, अपॉन एक्स वर्ग. बेरीज कुठून कुठपर्यंत? एक्स बरोबर डी पासून एक्स बरोबर डी अधिक एल पर्यंत. झाला इंटिग्रल. पुढचं तुला येतंच: उत्तर के क्यू अपॉन डी गुणिले (डी अधिक एल).

चुका ठरावीक जागी होतात. मुलं छेदात एक्सच्या जागी डी लिहून मोकळी होतात, जणू सगळे तुकडे जवळच्या टोकाशीच गोळा झालेत. किंवा डीक्यू लिहितात, त्याचं डीएक्समध्ये रूपांतर करत नाहीत, आणि मर्यादा मात्र एक्सच्या घालतात. दोन्हीचं मूळ एकच: तुकडा आकृतीत काढलेलाच नसतो.

उत्तर आल्यावर ते तपासायचंसुद्धा असतं, आणि ही तपासणी मला इंटिग्रेशनपेक्षा जास्त आवडते. सळई २० सेंटिमीटरची आणि डी १० सेंटिमीटर धर. सगळा भार सळईच्या मध्यावर एकवटलाय असं मानलं असतं तर अंतर २० सेंटिमीटर झालं असतं. आपलं खरं उत्तर त्याच्यापेक्षा एक तृतीयांशानं जास्त येतं. का? जवळचे तुकडे अंतराच्या वर्गामुळे फार जोरात बोलतात, लांबचे तेवढे गप्प बसत नाहीत. आता डी १० मीटर कर. दोन उत्तरांतला फरक दहा हजारात एक एवढाच उरतो, म्हणजे लांबून सळई बिंदूच दिसते. तुझ्या सूत्रातून हे निघालं नाही तर सूत्र चुकलंय. उत्तराचं पान उघडायची गरज नाही.

आता कडं. आर त्रिज्येच्या कड्यावर भार क्यू, आणि अक्षावर केंद्रापासून झेड अंतरावर बिंदू. इथे हुशार मुलं जास्त गोंधळतात, कारण ती कसला तरी मोठा इंटिग्रल शोधत बसतात. कड्याचा प्रत्येक तुकडा त्या बिंदूपासून सारख्याच अंतरावर आहे! त्यामुळे सोडवण्यासारखं काही उरतच नाही, फक्त तुकड्यांच्या भारांची बेरीज, आणि ती क्यू. खरं काम दिशेचं आहे. समोरासमोरच्या तुकड्यांची आडवी क्षेत्रं एकमेकांना मारतात, अक्षाच्या दिशेची उरतात. म्हणून के क्यू झेड, अपॉन (झेड वर्ग अधिक आर वर्ग) चा दीड घात. कड्याच्या मध्यावर क्षेत्र शून्य, फार लांबही जवळजवळ शून्य, आणि मध्ये झेड बरोबर आर अपॉन रूट टू इथे सर्वांत जास्त. डिफरन्सिएशन करून पडताळून बघ.

तबकडी आली की तिचे कड्यांत तुकडे पाड, चौकोनांत नको. कड्याचं उत्तर हातात असताना ते वापरायचं सोडून नव्यानं खोदकाम कशाला? आर त्रिज्येच्या बारीक कड्याचं क्षेत्रफळ दोन पाय आर डीआर. कडं एका जागी कापून सरळ केलं, की दोन पाय आर लांबीची आणि डीआर रुंदीची पट्टी मिळते. हीच पट्टी पुढे तबकडीच्या मोमेंट ऑफ इनर्शियामध्ये (फिरण्याला होणाऱ्या विरोधाच्या मापात) कामाला येते. तिथे जो अर्धा एम आर वर्ग निघतो (इथला आर अख्ख्या तबकडीची त्रिज्या), तो याच तुकड्यातून.

मी परीक्षेत एक प्रश्न असा घालायचे: ‘फक्त इंटिग्रलपर्यंत या. सोडवू नका.’ पहिल्यांदा वर्गात मोठी कुरकुर झाली. उत्तरच नाही तर मार्क कसले, असं म्हणणं होतं. पण पेपर तपासताना कोणाला फिजिक्स येतं आणि कोणाला फक्त सूत्रं येतात, ते त्या एका प्रश्नात समजायचं. तूही महिनाभर असंच कर. वीस गणितं घे, प्रत्येकात तुकडा काढून मर्यादांपर्यंत ये आणि पान उलट.

प्रश्न : आमच्या मुलीला जीवशास्त्राकडे जायचंय. तिच्या विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या फिजिक्सचे दोन कोर्स आहेत, एक कॅल्क्युलसचा आणि एक बीजगणितावर भागणारा. दुसरा सोपा असतो म्हणतात. कोणता घ्यावा?
— एक पालक

उत्तर : सोपा म्हणतात ते अर्धंच खरं आहे. कॅल्क्युलस काढून घेतला की जी सूत्रं एकमेकांतून निघतात ती सुटी सुटी लक्षात ठेवावी लागतात. एकीकडचं ओझं उतरतं, दुसरीकडचं चढतं. जीवशास्त्र, वैद्यक यांच्यासाठी बहुतेक ठिकाणी बीजगणिताचा कोर्स चालतो. इंजिनिअरिंग, फिजिक्स, गणित यांना कॅल्क्युलसचाच लागतो. मुलीला पुढे न्यूरॉनमधले विद्युत संकेत किंवा औषध शरीरातून कसं कमी होत जातं असले विषय खुणावत असतील, तर कॅल्क्युलसचा घ्या. तिथे ‘बदलाचा वेग जेवढं आहे त्याच्या प्रमाणात’ हे एकच समीकरण वेगवेगळ्या वेशात भेटत राहतं.

एक सूचना. गणिताचा कोर्स बरोबरीनं चालू असेल तर तो फिजिक्सच्या मागे पडतो, हे धरून चाला. दुसऱ्या सत्रात गाउसचा नियम (बंद पृष्ठभागावरचं विद्युतक्षेत्र आणि आतला भार यांचा संबंध) येतो, त्यात पृष्ठभागावरचा इंटिग्रल लागतो, आणि गणितात तो बऱ्याचदा पुढच्या वर्षी असतो. घात, साइन-कोसाइन आणि घातांकी फलन यांचं डिफरन्सिएशन सत्र सुरू होण्याआधी हातात असलं तर बरंच निभावतं.

प्रश्न : न्यूटननं फिजिक्ससाठीच कॅल्क्युलस शोधलं ना? मग त्याच्या ‘प्रिन्सिपिया’त तर पानोपानी डीएक्स असेल.
— निवृत्त वाचक

उत्तर : एकही नाही. १६८७ च्या त्या ग्रंथात वर्तुळं, त्रिकोण आणि कॉनिक सेक्शन्स (शंकू कापून मिळणाऱ्या वक्ररेषा) भरलेली आहेत. फार लहान होत जाणाऱ्या लांबींची गुणोत्तरं न्यूटन घेतो, पण भूमितीच्या भाषेत. डीएक्स हे चिन्ह जर्मन गणिती लाइबनिझचं, त्याचा पहिला लेख १६८४ चा. आज आपण फळ्यावर एफ बरोबर एमए तिन्ही दिशांना वेगवेगळं लिहून डिफरन्शिअल समीकरण मांडतो, ती रीत गणिती ऑयलरनं १७५० च्या सुमारास रुळवली. म्हणजे पहिल्या वर्षाला आपण ज्याला न्यूटनचं मेकॅनिक्स म्हणतो, त्याचा पोशाख बराचसा ऑयलरनं शिवलेला आहे.

एका क्षणीची गती ही कल्पना मात्र याहून जुनी. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणी’त ग्रहांच्या तात्कालिक गतीचा विचार केला आणि ज्येतला (आजच्या साइनमधला) बदल कोटिज्येच्या (कोसाइनच्या) प्रमाणात असतो हे वापरलं. त्याचा बलाशी संबंध जोडलेला नव्हता, तो जोडायला न्यूटन यावा लागला. मधे गॅलिलिओ आहेच. त्यानं १६३८ मध्ये छापलेला नियम असा: उतारावरून सोडलेला चेंडू सारख्या वेळात १, ३, ५, ७ अशा प्रमाणात अंतरं कापतो. लागोपाठच्या आकड्यांतला फरक काढला तर सगळीकडे २. कॅल्क्युलस नसतानाही स्थिर त्वरण त्याला असं पकडता आलं होतं.

प्रश्न : लिमिटची काटेकोर व्याख्या, एप्सिलॉन-डेल्टा वगैरे, पक्की झाल्याशिवाय फिजिक्समध्ये डीएक्सला ‘छोटा तुकडा’ म्हणणं चूक नाही का? आमचे गणिताचे सर चिडतात.

उत्तर : चिडू द्या. १९६० च्या दशकात अब्राहम रॉबिन्सननं अतिसूक्ष्म राशींनासुद्धा काटेकोर गणिती पाया देऊन ठेवलाय. फिजिक्सच्या वर्गात तुकडा म्हणा, गणिताच्या वर्गात लिमिट म्हणा.

प्रश्न : मी नुकताच पहिल्या वर्षाला शिकवू लागलो. वर्गात सगळे माना डोलावतात, डेरिव्हेशन उतरवून घेतात. परीक्षेत साधा, आकडे नसलेला प्रश्न आला की धडाधड चुकतात. माझं शिकवणं कमी पडतंय का?
— एक तरुण प्राध्यापक

उत्तर : तुमच्या एकट्याचं नाही. डेव्हिड हेस्टेनिस आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये बल आणि गती यांवरची एक चाचणी प्रसिद्ध केली. साधारण तीस प्रश्न, आकडेमोड जवळजवळ नाहीच. ती कोर्सच्या आधी आणि नंतर देता येते. रिचर्ड हेकनं १९९८ मध्ये ६२ कोर्समधल्या सहा हजारांहून जास्त विद्यार्थ्यांचे निकाल एकत्र केले. सुरुवातीला जेवढं शिकायचं बाकी होतं, त्याचा सरासरी पावभागसुद्धा नुसत्या व्याख्यानांच्या वर्गांनी कमावला नाही. जिथे विद्यार्थी वर्गातच आपसांत वाद घालत, उत्तर ठरवत, तिथे तो वाटा निम्म्याच्या जवळ गेला.

एक प्रश्न उद्याच विचारून पाहा. चेंडू सरळ वर फेकला. सर्वांत वरच्या बिंदूला त्वरण किती? डोळे मिटून डिफरन्सिएशन करणारी मुलंसुद्धा ‘शून्य’ म्हणतात. वेग शून्य आहे, मग त्वरण कुठून येणार, असा त्यांचा हिशोब. सांगून टाकायचा मोह आवरा. आधी हात वर करून मतं घ्या. मग शेजारच्याला दोन मिनिटं पटवायला सांगा. मग वेग-काळाचा आलेख काढायला लावा. सरळ तिरकी रेषा, ती शून्याला छेदून खाली जाते. छेदते तिथे तिचा उतार बदलतो का? वर्ग एकदम गप्प होतो आणि कोणीतरी पुटपुटतं, ‘उतार तर तोच आहे.’ तिथून पुढे डेरिव्हेटिव्ह म्हणजे किंमत नव्हे, बदलाचा दर, हे वेगळं शिकवावं लागत नाही. यात अभ्यासक्रम मागे पडतो, मान्य. दोन डेरिव्हेशन्स घरी वाचायला द्या. ती मुलं वर्गात तरी कुठे ऐकत होती?

प्रश्न : मी स्वतःच्या हौसेनं हा अभ्यास करतोय. स्प्रिंगच्या ऊर्जेत अर्धा का येतो ते समजलं: बल शून्यापासून केएक्सपर्यंत वाढतं, म्हणून सरासरी बल निम्मं. पण मग संवेगासाठीही (वस्तुमान गुणिले वेग) तीच सरासरी घेऊन सरासरी बल गुणिले वेळ केलं, तर उत्तर जुळत नाही.
— नोकरी सांभाळून शिकणारा वाचक

उत्तर : छान जागी अडलात. आकडे घालू. स्प्रिंगचा स्थिरांक (तुमच्या केएक्समधला के) मीटरला २०० न्यूटन, ठोकळा २ किलोचा, घर्षण नाही, १० सेंटिमीटर ताणून सोडला. सुरुवातीचं बल २० न्यूटन, मध्यावर शून्य. अंतरावर घेतलेली सरासरी १० न्यूटन; गुणिले ०.१ मीटर, म्हणजे १ ज्यूल. त्यावरून मध्यावरचा वेग सेकंदाला १ मीटर आणि संवेग २ एककं.

आता वेळ. मध्यावर यायला आवर्तकाळाचा (एका पूर्ण हेलकाव्याच्या वेळेचा) पाव भाग लागतो, म्हणजे ०.१५७ सेकंद. १० न्यूटन गुणिले ०.१५७ केलं तर १.५७ येतं, २ नाही. कारण ठोकळा सुरुवातीला हळू हलतो. बल मोठं असतं त्या भागात तो जास्त वेळ रेंगाळतो, आणि बल लहान असतं त्या भागातून झपकन निघून जातो. त्यामुळे वेळेवर घेतलेली सरासरी निम्म्याहून जास्त भरते: २० गुणिले २ अपॉन पाय, म्हणजे १२.७ न्यूटन. आता १२.७ गुणिले ०.१५७ करा, बरोबर २.

बल तेच, ठोकळा तोच. तुकडे डीएक्सचे पाडले तर बेरीज ऊर्जा देते, डीटीचे पाडले तर संवेग. यापुढे कुठेही ‘सरासरी बल’ असं लिहिलेलं दिसलं, की समासात लिहून ठेवा: कशावर घेतलेली?